खिडकीपलीकडचा कारकून

झुंपा लाहिरी यांच्या ‘द नेमसेक’ (२००३) या कादंबरीत मिस्टर विलकॉक्स नावाचा एक गृहस्थ आहे. कादंबरी वाचलेल्यांपैकी फारच थोड्यांना तो आठवेल, कारण त्याचा वावर मोजक्या पानांपुरता. १९६८ सालचं केम्ब्रिज, मॅसॅच्युसेट्समधलं. माउंट ऑबर्न इस्पितळात अशिमा गांगुली बाळंत झाली आहे. नाव ठेवायचा मान तिच्या आजीचा. आजीने ते कलकत्त्याहून पत्रातून कळवलंय आणि पत्र पोचलेलं नाही. आईबापांना त्याचं काही वाटत नाही. बंगाली घरात लाडाच्या नावावर मूल पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत सहज निभतं. विलकॉक्सचं काम इस्पितळातल्या जन्मदाखल्यांचं. तो येऊन सांगतो की नाव नाही तर दाखला नाही, आणि दाखला नाही तर बाळाला घरी नेता येणार नाही. बापाला त्या क्षणी जे सुचतं ते कागदावर जातं. मुलाचं नाव पडतं गोगोल.

पुढे शाळा. आईबापांनी आता ‘निखिल’ हे रीतसर नाव ठरवलंय, पण वडील निघून गेल्यावर मुख्याध्यापिका थेट पोराला विचारतात. पोर मान हलवतं, आणि पटावर ‘गोगोल’ कायम होतं. पुढे १९८६ साली, येलला जाण्याआधी, तोच मुलगा कोर्टात उभा राहतो आणि स्वतःहून निखिल होतो. न्यायाधीश बाई कारण विचारतात. तो सांगतो, मला हे नाव आवडत नाही. काम काही मिनिटांत उरकतं. १९६१ सालच्या रेल्वे अपघातातून बाप वाचला तेव्हा त्याच्या हातात रशियन लेखक गोगोलच्या पुस्तकाचं पान होतं, हे पोराला अजून कोणी सांगितलेलंच नाही. त्याने जे नाव खोडलं त्याची गोष्ट त्याच्याकडे नव्हती, आणि बापाने ती सांगितली नाही, कारण असलं काही कोणत्याही अर्जात विचारत नाहीत.

या कादंबरीवर बोलताना लोक बापलेकाविषयी बोलतात, अशिमाच्या एकटेपणाविषयी बोलतात, आणि ते बरोबरच आहे. मला मात्र या तीन खिडक्या दिसत राहतात: इस्पितळ, शाळा, कोर्ट. गांगुली कुटुंबाच्या दोन पिढ्यांमध्ये एक तिसरा माणूस बसलेला आहे. त्याला कोणाचं वाईट करायचं नाही. त्याला फक्त रकाना भरायचा आहे.

स्थलांतरितांच्या घराण्यांवर गेल्या पन्नास-साठ वर्षांत इतकं लिहिलं गेलं, की त्यांच्यावर बोलण्याचा एक ठरीव सूर तयार झाला. आईच्या हातचा पदार्थ, तो खायला लाजणारी मुलगी, आणि उतारवयात त्याच पदार्थाची कृती शोधणारी तीच मुलगी. मुखपृष्ठावर मेंदी किंवा आंबा. मला या सुराचा कंटाळा आहे, आणि तो चांगल्या लेखकांवर काढण्यात अर्थ नाही, कारण चांगल्या लेखकांनी हे सगळं लिहिताना शेजारी दुसरं काही लिहून ठेवलेलं असतं आणि आपण ते ओलांडून पदार्थाकडे जातो. संस्कृती घरात, मनात, जिभेवर ठरते असं मानायला आपल्याला आवडतं. या कादंबऱ्या नीट वाचल्या तर आधी काहीतरी कागदावर ठरलेलं दिसतं. मन नंतर त्या कागदाशी भांडत किंवा जुळवून घेत बसतं.

फे म्येन इंग यांची ‘बोन’ ही १९९३ सालची छोटीशी कादंबरी. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधली सॅमन गल्ली, शिवणकाम करून घर चालवणारी आई, तीन मुली. मधली ओना हिने इमारतीवरून उडी घेऊन जीव दिला आहे. गोष्ट सांगते थोरली, लायला. तिचा सावत्र बाप लिऑन लिऑंग म्हातारा झालाय, सरकारी निवृत्तिवेतनाच्या अर्जासाठी त्याला कागद हवेत, आणि कागदांचा घोळ आहे. कुठे एक नाव, कुठे दुसरं, जन्मतारखाही एकमेकींशी जुळत नाहीत. कारण लिऑन हा ‘कागदी मुलगा’ आहे.

हा प्रकार समजून घेतल्याशिवाय ही कादंबरी उलगडत नाही. १८८२च्या कायद्याने अमेरिकेने चिनी मजुरांना दार बंद केलं. १९०६च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, पाठोपाठ आग लागली, आणि शहराची जन्मनोंदीची दप्तरं जळाली. ज्यांची नोंद जळाली असं म्हणता येत होतं, ते म्हणू लागले की आम्ही इथेच जन्मलो. नागरिकाच्या मुलांना आत येता येत होतं. मग प्रत्येक चीनवारीनंतर ‘मुलगा झाला’ अशी नोंद, आणि पुढे ती जागा पैसे घेऊन दुसऱ्या कोणाच्या पोराला. सरकारही दूधखुळं नव्हतं. १९१० ते १९४० या काळात एंजल बेटावर येणाऱ्यांची उलटतपासणी व्हायची. तुमच्या घराला किती पायऱ्या? विहीर कोणत्या दिशेला? तिसऱ्या घरात कोण राहतं? तांदळाचं पिंप कुठे ठेवलेलं? येणारी पोरं जहाजावर ही उत्तरं पाठ करायची आणि बेट दिसायच्या आत चिठ्ठ्या समुद्रात टाकायची. खरा मुलगाही या तपासणीत नापास होऊ शकत होता, कारण स्वतःच्या घराच्या पायऱ्या कोण मोजून ठेवतो?

लिऑन असा आला. ज्या म्हाताऱ्याचा तो कागदावर मुलगा झाला, त्याला त्याने पैसे दिले आणि शब्द दिला: तुमची हाडं मी चीनला पोचवीन. ती हाडं पोचली नाहीत. कबर हलवली गेली, पत्ता हरवला. ओनाच्या मृत्यूची उकल शोधताना लिऑन वारंवार त्या न पाळलेल्या शब्दाकडे येतो. कर्ज खोट्या बापाचं आहे, पण लिऑनने ते खऱ्या मुलासारखं उरावर घेतलंय.

आणि मग ती सुटकेस. लिऑनने आयुष्यभराचे कागद तिच्यात कोंबून ठेवलेत. लायला कामाचा कागद शोधायला बसते आणि तिच्या हाती येतात नकारपत्रं. सैन्याने नाकारलं त्याचं, नोकरी नाकारली त्याचं, भाड्याची खोली नाकारली त्याचं. ज्याला स्वतःच्या नावाचा दाखला नाही, त्याने आपल्याला मिळालेले सगळे नकार नीट जपून ठेवलेत, कारण त्या प्रत्येक नकारावर त्याचं नाव छापलेलं आहे. ‘तू नकोस’ म्हणणाऱ्या कागदानेही तू आहेस एवढं कबूल केलेलं असतं. मला स्थलांतरावरच्या कुठल्याही पुस्तकात याहून मोठा प्रसंग आठवत नाही, आणि इंग यांनी तो आवाज न चढवता, कचेरीतल्या कामाची हकीकत सांगावी तसा सांगितलाय.

त्यातही एक गंमत आहे, गंमतच म्हणायची. लायला लिऑनची रक्ताची मुलगी नाही. खरा बाप ऑस्ट्रेलियाला निघून गेला. म्हणजे म्हातारा लिऑंग, लिऑन आणि लायला या तीन पिढ्यांत रक्ताचा धागा एकही नाही. तरी हे घराणं आहे, आणि भारतातल्या कित्येक सातपिढ्यांच्या घराण्यांपेक्षा घट्ट. आडनाव विकत घेतलेलं, दुःख मात्र वारशाने आलेलं.

१९५६ ते १९६५ या काळात अमेरिकी सरकारने कबुलीची एक योजना काढली. खोटं नाव कबूल करा, खऱ्यावर या. पण एकाने कबूल केलं की त्याच्या कागदी भावाबहिणींची नावंही उघडी पडायची. इंग यांच्या वडिलांनी ही कबुली दिली होती. २०२३ साली आलेल्या ‘ऑर्फन बॅचलर्स’ या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी ते लिहिलंय. ‘बोन’ त्याच्या तीस वर्षं आधीची.

आता समुद्र ओलांडून दुसऱ्या टोकाला जाऊ. मिन जिन ली यांची ‘पाचिंको’ (२०१७) मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मधल्या काही भागांत ती मला मालिकेसारखी धावती वाटली होती, आणि ते मत अजून पूर्ण गेलेलं नाही. पण तिच्यातला नोआ विसरता येत नाही. १९१०मध्ये जपानने कोरिया गिळला आणि कोरियन माणूस जपानच्या बादशहाचा प्रजाजन झाला. १९३३ साली सुंजा ही गरोदर तरुणी नवऱ्याबरोबर पुसानजवळच्या बेटावरून ओसाकाला येते. पोटातलं मूल, म्हणजे नोआ, नवऱ्याचं नाही. १९५२मध्ये शांतता करार अमलात आला आणि जपानने एका फटक्यात या सगळ्या लोकांचं नागरिकत्व काढून घेतलं. ओसाकात जन्मलेला, जपानी शाळेत पहिला येणारा, डिकन्सवर जीव असलेला नोआ परदेशी ठरला. त्याने कुठलीही हद्द ओलांडली नव्हती.

वासेदा विद्यापीठात शिकत असताना त्याला कळतं की आपली फी भरणारा श्रीमंत ‘हितचिंतक’ हाच आपला जन्मदाता आहे, आणि तो गुंडांच्या टोळीतला आहे. नोआ शिक्षण सोडतो, नागानोला जातो, जपानी नाव लावतो, पाचिंकोच्या जुगारखान्यात हिशेब लिहायला लागतो. परदेशी माणूस कामावर नको, असं मालकाचं म्हणणं. तो सोळा वर्षं जपानी म्हणून जगतो. जपानी बायको, चार मुलं, रविवारची सहल. या सगळ्या कादंबऱ्यांमधला हा एकमेव माणूस, जो खिडकीच्या पलीकडे पूर्ण पोचला. १९७८मध्ये आईला त्याचा पत्ता लागतो, ती कचेरीत येऊन भेटते, आणि ती गेल्यावर तो जीव संपवतो.

आई येईपर्यंत सगळं ठीक होतं, असं नोआच्या बाजूने म्हणता येईल. पण लेखिका आपल्याला तेवढ्यावर सुटू देत नाही. नोआला कोरियन असण्याची लाज आहे, एवढंच असतं तर गोष्ट सोपी होती. त्याला आदर्श माणूस व्हायचं होतं, आणि ‘कोरियन लोक घाणेरडे’ म्हणणाऱ्यांना तो स्वतःच्या वागण्याने खोटं पाडणार होता. एका माणसाने सबंध जातीची बाजू मांडायची, हे ओझं त्याने स्वतःच उचललं. धाकटा भाऊ मोझासू असल्या भानगडीत पडत नाही. तो शाळा सोडतो, चिडवणाऱ्याच्या कानाखाली देतो, पाचिंकोत पैसा करतो आणि जगतो.

मोझासूचा मुलगा सॉलोमन. चौदावा वाढदिवस, मोठी मेजवानी ठरलेली. पण त्याआधी एक काम. परदेशी म्हणून नोंदणी करायची, बोटांचे ठसे द्यायचे. कारकून पोराची बोटं शाईत दाबते आणि कागदावर फिरवते. पोर योकोहामाचं, बाप ओसाकाचा. शाई नखातून नीट जात नाही आणि तशीच पार्टीला येते. खऱ्या जगात ही ठशांची सक्ती १९५५मध्ये सुरू झाली. १९८०च्या दशकात अनेकांनी ठसे द्यायला नकार दिला, खटले अंगावर घेतले, आणि या कायम रहिवाशांसाठी ती १९९३मध्ये संपली.

सॉलोमन अमेरिकेत शिकतो. तिथे त्याला अमेरिकेत वाढलेली फीबी भेटते, तीही कोरियन वंशाची. ती त्याच्याबरोबर टोकियोला येते आणि तिथलं सगळं बघून संतापते. चार पिढ्या इथे आणि तुम्ही अजून परदेशी? तिचा राग न्याय्य आहे, आणि थोडा उथळही. तिला जे अंगभूत वाटतंय ते वोंग किम आर्क नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या पोराने १८९८मध्ये सर्वोच्च न्यायालयात लढून मिळवलंय: आईबाप चिनी असले तरी इथे जन्मलेला इथला नागरिक. दोन कायदे, आणि एकाच द्वीपकल्पातून निघालेल्या माणसांची नातवंडं दोन तऱ्हेची. फीबीशी लग्न केलं तर सॉलोमनला अमेरिकी पासपोर्ट मिळेल. तो ते करत नाही. ती परत जाते, तो बापाच्या पाचिंकोत बसतो. अनेक वाचकांना हा शेवट पराभव वाटतो. मला वाटत नाही. खिडकी उघडी असून रांगेत न उभा राहिलेला हा घराण्यातला पहिला पुरुष.

ली यांना या कादंबरीचं बीज मिळालं ते १९८९मध्ये, येलमध्ये ऐकलेल्या एका व्याख्यानात. जपानमध्ये काम केलेले एक मिशनरी एका कोरियन वंशाच्या शाळकरी मुलाविषयी सांगत होते. त्याने इमारतीवरून उडी घेतली, आणि नंतर आईबापांना त्याच्या शाळेच्या वार्षिक पुस्तिकेत वर्गातल्या पोरांनी स्वहस्ते लिहिलेले शेरे सापडले. तिथेही कागदच. पुढे काही वर्षं ली टोकियोत राहिल्या, तिथल्या कोरियनांना भेटल्या, आणि आधीचं लिखाण बाजूला ठेवून कादंबरी नव्याने लिहिली. कागदावरचे पीडित आणि समोर बसून हसणारे, पैशाच्या गोष्टी करणारे, चिडणारे लोक यांचा मेळ बसेना म्हणून.

इंग्लंडच्या कादंबऱ्यांत पदार्थ आणि विनोद अधिक, कचेऱ्या कमी असं मी म्हणणार होते, पण सॅम सेल्वन यांच्या ‘द लोनली लंडनर्स’ने (१९५६) ते खोटं पाडलं. त्यात कॅरिबियनमधून आलेला गॅलहॅड नोकरी नोंदवायला जातो, आणि जुना जाणता मोझेस त्याला समजावतो की आपल्या लोकांच्या नोंदीवर वर एक खूण असते. ती बघून कारकून ठरवतो कोणाला कुठे पाठवायचं. खऱ्या जगात या लोकांची बोटीतून उतरतानाची कार्डं ब्रिटिश सरकारने २०१०मध्ये नष्ट केली आणि पुढच्या काही वर्षांत त्यांच्यातल्याच म्हाताऱ्यांना विचारलं, तुम्ही कधी आलात याचा पुरावा दाखवा. कादंबरीकाराने असला योगायोग रचला असता तर संपादकाने तो कापला असता.

मराठी बोलणाऱ्या माणसांनाही ही खिडकी नवी नाही. कोकणातल्या गावांवरून पेणकर, नवगावकर, चेऊलकर अशी आडनावं लावणारे बेने इस्रायली ज्यू १९४८नंतर इस्रायलला गेले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने ठरवलं की यांच्या लग्नाआधी आईकडच्या पिढ्यांची चौकशी करावी. रायगडच्या किनाऱ्यावर तेल गाळणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या पणज्यांचे दाखले मागितले गेले. माणसं जेरुसलेममध्ये रस्त्यावर उतरली, आणि १९६४मध्ये माघार झाली. यावर एक ऐसपैस मराठी कादंबरी हवी.

आपल्याकडच्या दिवाळी अंकांत परदेशाची कथा येते ती बहुधा पुण्याच्या फ्लॅटमधून. एकटे आईवडील, रविवारचा फोन. किंवा तिकडून: खिडकीबाहेर बर्फ, आत पोह्यांचा वास, नायिकेला भरून येतं. व्हिसा या कथांत असतो, पण तो विमानतळापर्यंत पोचवून गायब होतो. खरं तर तो घरात राहायला येतो.

माझी एक मावसबहीण न्यू जर्सीत आहे. थोरला मुलगा पुण्याचा, कडेवर घेऊन गेलेली. धाकटी तिथली. नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज रांगेत, आणि १९९०च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, म्हणून भारतीयांची रांग दशकांची. बापाच्या व्हिसावर अवलंबून असलेलं मूल एकवीस वर्षांचं झालं की त्या रांगेतून बाहेर पडतं. थोरला पडला. गोष्टीतली मेख पुढे आहे. धाकटीच्या लहानपणी आजी तिकडे असायची, म्हणून ती अस्खलित मराठी बोलते, हरतालिकेची कहाणी सांगते, आणि तिच्याकडे निळा अमेरिकी पासपोर्ट आहे. थोरला बेसबॉल, तिथले विनोद, तिथला उच्चार यांत आरपार मुरलेला, मराठी चार वाक्यांपुढे नाही, आणि त्याच्या पासपोर्टावर अशोकस्तंभ. समाजशास्त्राच्या पुस्तकात अशा मुलांची ‘दीड पिढी’ अशी सोय केलेली आहे. मग त्याच्यानंतर जन्मलेली, त्याच्याच ताटात जेवलेली बहीण त्याच्या पुढची पिढी कशी? तिला जन्माने नागरिकत्व देणारी खिडकीही पुढे हलली. जानेवारी २०२५मध्ये निघालेल्या अध्यक्षीय आदेशाने, तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांना यापुढे होणाऱ्या मुलांचं जन्मसिद्ध नागरिकत्व नाकारलं. न्यायालयांनी तो आदेश रोखला, आणि वोंग किम आर्कचं नाव सव्वाशे वर्षांनी पुन्हा युक्तिवादांत आलं.

थोरला सध्या टोरांटोत नोकरी करतो. बहीण गाडी काढून त्याला भेटायला जाते. त्याला आईकडे यायचं तर आधी व्हिसा. गेल्या गणपतीत मावसबहिणीचा फोन आला तेव्हा मी हे सगळं लिहायचं मनात आहे असं भीत भीत सांगितलं. “लिही की,” ती म्हणाली, “नावं बदल, तारखा मी तुला देते, सगळ्या फायलीत आहेत. आणि हे बघ, त्यात उगाच बर्फ पाडू नकोस.”